हप्ता ठरतो तो केव्हा?

इ.स. २०२२ च्या जून महिन्यात पारशिवनीच्या बाजारपेठेत बँकेचे पासबुक भरून घेण्यासाठी आलेल्या एखाद्या शेतमजुराने, किंवा गोंडेगाव-इंदरच्या कोळसा खाणीवर जाणाऱ्या एखाद्या कामगाराने, त्या लहानशा पुस्तिकेतील नोंदी लक्षपूर्वक वाचल्या असतील, तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेच्या नावे आजवर दरसाल ३३० रुपये वजा होत आले असताना या खेपेस ४३६ रुपये वजा झालेले पाहून, आपण सही केली ती नेमकी कोणत्या आकड्यावर, हा प्रश्न त्याच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. वाढ अवघी १०६ रुपयांची. परंतु ज्याने ३३० या आकड्याखाली अंगठा उठवला त्याच्या खात्यातून, त्याला फिरून न विचारता, ४३६ जावेत ही गोष्ट कायद्यात बसते काय, आणि बसत असेल तर कोणत्या आधारावर, हा प्रश्न त्या रकमेच्या मानाने पुष्कळच मोठा आहे. आयुर्विम्याचा हप्ता सहीनंतर बदलला म्हणून होणाऱ्या तक्रारी आपल्याकडे नाना प्रकारच्या असतात, आणि त्यांतील बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते: दर बदलला ही घटना तक्रारदाराच्या ध्यानात असते, पण तो बदलला तेव्हा करार जन्माला आला होता की नव्हता, ही तारीख त्याच्या ध्यानात नसते.

प्रथम या योजनेचेच पाहू. ती ९ मे २०१५ रोजी सुरू झाली. अठरा ते पन्नास वर्षे वयाच्या खातेदारास दोन लाखांचे संरक्षण, आणि १ जून ते ३१ मे हे तिचे वर्ष. या योजनेत विमेदाराचा करार आयुष्यभराचा नसून वर्षाचा आहे, तोही बँकेच्या नावाने काढलेल्या सामूहिक पॉलिसीच्या छत्राखालचा. दर ३१ मे रोजी एक करार मावळतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा उगवतो. ३१ मार्च २०२२ अखेर या योजनेत ९,७३७ कोटी रुपये हप्त्यांपोटी जमा झाले आणि १४,१४४ कोटी रुपये दाव्यांपोटी द्यावे लागले, असा हिशोब सरकारने मांडला व १ जूनपासून दर वाढवला. त्या दोन आकड्यांमध्ये महामारीची दोन वर्षे उभी आहेत, हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा ही वाढ करारभंग नव्हती; पण वर्षावर्षाने नवा होणारा करार खातेदाराच्या मनात मात्र एकदाच केलेला आणि कायमचा असतो, कारण आपोआप वजावटीच्या संमतीपत्रावर त्याने सही एकदाच केलेली असते. बँकमित्राने गावात येऊन संमतीपत्रे भरून नेली त्या दिवशी हा भेद किती जणांना समजावून दिला गेला असेल, याविषयी प्रस्तुत लेखक फारसा आशावादी नाही.

याच्या उलट, वीस-पंचवीस वर्षांच्या वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता पहिल्या दिवशी जो ठरतो तो शेवटपर्यंत तोच राहतो, आणि ही विमा कंपनीची मेहेरबानी नसून या शास्त्राचा पायाच आहे. अठराव्या शतकात लंडनचा गणिती जेम्स डॉडसन यास, वय पंचेचाळिशीपलीकडे गेले या सबबीवर, तेथील एका जुन्या विमा संस्थेने दारातूनच परत पाठवले. तेव्हा त्याने मृत्यूच्या कोष्टकांवरून असा हिशोब मांडला की, माणसाच्या वयाबरोबर जोखीम वाढत गेली तरी हप्ता आरंभापासून अखेरपर्यंत समान ठेवता येतो, मात्र तारुण्यात घेतलेला अधिक पैसा वार्धक्यातील तुटीसाठी राखून ठेवला पाहिजे. डॉडसन १७५७ मध्ये वारला, आणि त्याच्या गणितावर उभी राहिलेली इक्विटेबल सोसायटी १७६२ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून आयुर्विम्याचा अर्थ असा की, तरुण विमेदार प्रारंभीच्या वर्षांत जोखमीहून अधिक भरतो तो उत्तरकाळात कमी भरता यावे म्हणून. अशा माणसास मधल्याच एखाद्या वर्षी हप्ता वाढवून मागणे म्हणजे त्याने आगाऊ भरलेले पैसे गिळंकृत करून पुन्हा तगादा लावण्यासारखे आहे. २०२१ मध्ये पुनर्विमा महागल्यामुळे अनेक कंपन्यांनी मुदती विम्याचे दर वाढवले, पण ते नव्या गिऱ्हाइकांपुरते, जुन्यांना त्याची झळ लागली नाही, याचे कारण हेच.

आपल्या देशात तर आयुर्विम्याचा इतिहासच दराच्या तक्रारीतून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ ही कंपनी निघाली ती मुख्यतः युरोपीय लोकांसाठी. पुढे हिंदी माणसांचे विमे घेतले जाऊ लागले तेव्हा त्यांचे आयुष्य कमी प्रतीचे गणून त्यांच्याकडून जबर जादा हप्ता वसूल केला जात असे, मग अर्जदार कितीही निकोप प्रकृतीचा असो. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसांस सामान्य दराने विमा देण्यास प्रारंभ केला. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी निघाली, आणि १९१३ मध्ये साताऱ्यास वेस्टर्न इंडिया लाइफ. हप्त्यांची कोष्टके विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेतलीच पाहिजेत असा दंडक १९१२ च्या कायद्याने घातला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघून १५४ हिंदी व १६ परदेशी विमा कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या सरकारच्या ताब्यात आल्या, आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. विमेदारांच्या रकमेस केंद्र सरकारची हमी देणारे, महामंडळ स्थापन करणाऱ्या कायद्यातील ३७ वे कलम एजंटांच्या तोंडी नेहमी असते. १४ व्या कलमाचा उच्चार मात्र सहसा कोणी करीत नाही. जी कंपनी डबघाईस आलेली आढळेल तिच्या जुन्या पॉलिसींच्या विमा रकमा, सरकारने मंजूर केलेल्या योजनेनुसार, कमी करण्याचा अधिकार या कलमाने महामंडळास दिला होता. हप्ता तोच ठेवून रक्कम घटवणे ही दरवाढच नव्हे काय? पण ती करण्यास संसदेचा कायदा लागला, कंपनीचे पत्र पुरले नसते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८७२ च्या करार कायद्याचे सातवे कलम सांगते की, स्वीकार हा संपूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे. विम्याचा अर्ज हा अर्जदाराने केलेला प्रस्ताव होय. एजंटाने वहीच्या पानावर वा मोबाईलवर काढून दाखवलेला आकडा हा कंपनीचा शब्द नसून निव्वळ अंदाज होय. वैद्यकीय तपासणीत रक्तातील साखर वाढलेली निघाली, किंवा अर्जदार जमिनीखालच्या खाणीत काम करणारा आहे असे दिसून आले, आणि कंपनीने जादा हप्ता सांगितला, तर तो पूर्वीच्या करारातील बदल नसून अर्जदारापुढे ठेवलेला नवाच प्रस्ताव ठरतो, जो स्वीकारण्याचे वा धुडकावण्याचे पूर्ण स्वातंत्र्य अर्जदारास असते. पैसे भरले म्हणजे विमा झाला, ही समजूतही खरी नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळ विरुद्ध राजा वासिरेड्डी कोमलवल्ली कांबा या प्रकरणात स्पष्ट सांगितले की, कंपनीने हप्ता घेऊन ठेवणे किंवा पॉलिसीचा कागद तयार करणे एवढ्याने स्वीकार सिद्ध होत नाही. स्वीकार अर्जदारास कळवला गेला पाहिजे, आणि मौन म्हणजे संमती नव्हे. हा निर्णय त्या प्रकरणातील कुटुंबाच्या विरुद्ध गेला. परंतु त्याची दुसरी बाजू विमेदारास तितकीच उपकारक आहे: एकदा स्वीकार कळवला की कंपनीही बांधली जाते, आणि त्याच करार कायद्याच्या ६२ व्या कलमान्वये जुन्या कराराच्या जागी नवा आणावयाचा तर दोन्ही पक्षांचा मेळ लागतो.

व्यवहारात हा नवा प्रस्ताव अर्जदारापुढे येतो कसा, ते पाहण्याजोगे आहे. विम्याचा एजंट हा आपल्याकडे बहुधा गावचाच, ओळखीचा, पुष्कळदा नात्यागोत्याचा माणूस असतो. 'काकाजी, हेड ऑफिसातून एक कागद आला, यावर अजून एक सही लागते, बाकी मी पाहतो,' असे तो म्हणतो, आणि काकाजी इंग्रजीतल्या त्या कागदावर सही करतात. तो कागद जादा हप्त्यास दिलेले संमतीपत्र असतो. सहा महिन्यांनी हप्ता अधिक का, म्हणून काकाजी कचेरीत जातात तेव्हा त्यांच्याच सहीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला जातो, आणि कायद्याच्या दृष्टीने वाद तेथेच मिटतो. या परिस्थितीत अलीकडे दोन सुधारणा झाल्या आहेत, त्यांचे श्रेय नियामक प्राधिकरणास दिले पाहिजे. २०२४ च्या नियमांनी पॉलिसीसोबत तिचा सारांश सांगणारे माहितीपत्रक द्यावयाचे आहे, आणि विमेदाराने मागणी केल्यास ते त्याच्या भाषेत द्यावयाचे आहे. तसेच मार्च २०२५ पासून अशी सोय करण्यात आली की, अर्जाच्या वेळी हप्त्याची रक्कम विमेदाराच्या खात्यातच अडवून ठेवावी आणि कंपनीने विमा मंजूर केल्यावरच ती उचलावी. जादा हप्ता नामंजूर करावयाचा तर आधी भरलेले पैसे सोडवून आणण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, या भीतीनेच पूर्वी अर्धे लोक सही करून मोकळे होत.

स्वीकारानंतरही हप्ता बदलू शकतो, असा सर्वांत मोठा दरवाजा म्हणजे वय. १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम विमेदाराचे कवच समजले जाते: मूळ कायद्यात दोन वर्षांनंतर चुकीच्या माहितीच्या सबबीवर, विमेदाराची लबाडी सिद्ध केल्याखेरीज, कंपनीला पॉलिसीच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येत नसे, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांनंतर तो कोणत्याही कारणास्तव उपस्थित करता येत नाही. परंतु त्याच कलमाच्या अखेरीस असे म्हटले आहे की, तसा हक्क असल्यास कंपनी वयाचा पुरावा केव्हाही मागू शकते, आणि अर्जात लिहिलेले वय चुकीचे होते असे मागाहून सिद्ध झाल्यामुळे अटी जुळवून घेणे म्हणजे पॉलिसीला आव्हान देणे नव्हे. अर्थात वयाच्या बाबतीत तीन वर्षांचे कवच चालत नाही.

आणि वयाचा पुरावा म्हणजे विदर्भातल्या खेड्यात केवढी गुंतागुंत! जुन्या मध्य प्रांतात जन्ममृत्यूची नोंद गावच्या कोतवालाच्या बुकात होत असे, आणि आजही जातपडताळणीसाठी कोतवालबुकाची नक्कल काढण्याकरिता माणसे तहसील कचेरीत खेपा घालताना दिसतात. या बुकात पुष्कळदा मुलाचे नाव नसून केवळ बापाचे नाव आणि 'मुलगा' वा 'मुलगी' एवढाच मजकूर असतो. दुसरीकडे शाळेचा दाखला. गुरुजींनी पोराला पहिलीत घालता यावे म्हणून त्याची जन्मतारीख अंदाजाने मांडून दिली, आणि त्यामुळे महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतील निम्मी माणसे १ जूनला जन्मली की काय, असा भास होतो. तिसरा पुरावा जन्मपत्रिका. विमा कचेरीच्या लेखी ती दुय्यम प्रतीची, पण घरातल्या मंडळींच्या लेखी ब्रह्मवाक्य. एकाच माणसाची तीन वये तीन कागदांवर असली, तर अर्जाच्या वेळी एजंट साहजिकच ज्या कागदाने हप्ता कमी बसतो तो जोडतो, आणि दहा वर्षांनी दुसरा कागद पुढे आला की फरकाची मागणी येते. बहुतेक पॉलिसींच्या अटी अशा असतात की, वय अधिक निघाल्यास प्रारंभापासूनचा फरक व्याजासह द्यावा लागतो. कमी निघाल्यास मात्र जादा भरलेली रक्कम बिनव्याजी परत होते, तीही कंपनीच्या मर्जीने. ही विषमता प्रस्तुत लेखकास कधीच न्याय्य वाटलेली नाही. एका पक्षाचा पैसा दहा वर्षांत वाढतो आणि दुसऱ्याचा वाढत नाही, असे अर्थशास्त्र कोणत्या ग्रंथात आहे?

वयासंबंधी आणखी एक बारकावा सांगून ठेवावा. काही योजनांत गेल्या वाढदिवशीचे वय धरतात, काहींत जवळच्या वाढदिवसाचे. दुसऱ्या रीतीने एकोणचाळीस वर्षे सात महिन्यांचा इसम चाळिशीचा गणला जातो. अर्ज फेब्रुवारीत आणि मंजुरी एप्रिलात झाली, मध्ये ही सीमा ओलांडली गेली, तर दर बदलतो आणि विमेदारास वाटते की आपल्याला फसवले.

दुसरा दरवाजा कराचा, आणि तेथे नागपूरचे नाव देशभर गाजले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुदती विम्यावरील कर १५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, आणि बचतीच्या पॉलिसींवर पहिल्या वर्षी साडेचार व पुढे सव्वादोन टक्के असा आकार बसला. मुदती विम्याच्या दहा हजारांच्या हप्त्यामागे दरसाल १,८०० रुपये, आणि हे ज्यांनी कित्येक वर्षे आधी सही केली होती त्यांनाही. येथे करारभंगाची तक्रार चालत नाही, कारण कर हा कंपनीचा दर नसून राज्याचा हुकूम असतो, आणि तो सोसण्याची अट पॉलिसीतच लिहिलेली असते. तक्रार न्यायालयात चालत नाही ती राजकारणात चालते, हे मात्र नागपूर विभागातील आयुर्विमा कर्मचारी संघटनेने दाखवून दिले. संघटनेने या कराविरुद्धचे निवेदन नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याकडे दिले, आणि त्यांनी जुलै २०२४ च्या अखेरीस अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांस पत्र लिहून, आयुर्विम्याच्या हप्त्यावर कर बसवणे म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर बसवण्यासारखे आहे, अशा आशयाची हरकत घेतली. मंत्र्याने मंत्र्यास लिहिलेले ते पत्र वृत्तपत्रांनी छापले आणि संसदेत त्यावरून गदारोळ झाला. ३ सप्टेंबर २०२५ रोजी करपरिषदेने वैयक्तिक आयुर्विम्यावरील कर पूर्णतः उठवला, व २२ सप्टेंबरपासून तो अंमलात आला. कर गेल्याने कंपन्यांना खर्चावरील कराची वजावट मिळेनाशी झाली हे खरे. तथापि त्या सबबीवर जुन्या पॉलिसीचा मूळ हप्ता वाढवून मागण्याचा अधिकार, करारात तशी मुभा नसेल तर, कोणासही नाही.

तिसरा दरवाजा म्हणजे गुंतवणूक-संलग्न पॉलिसींतील आकारांचा. तेथे हप्ता तोच राहतो, पण त्यातून जोखमीपोटी कापला जाणारा भाग वयाबरोबर वाढतो, आणि काही आकार ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत वाढवण्याची मुभा कंपनीने ठेवलेली असते. अमेरिकेत साधारण २०१५ च्या सुमारास अनेक कंपन्यांनी अशाच मुभेचा उपयोग करून जुन्या विमेदारांवरील आकार वाढवले, तेव्हा तेथील न्यायालयांत सामूहिक दाव्यांची रांग लागली आणि काही कंपन्यांस मोठ्या तडजोडी कराव्या लागल्या. आपल्याकडे हा वाद अद्याप तितका पेटलेला नाही.

दाद मागण्याचे मार्ग आज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर आहेत. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी व तेवढ्या दिवसांची जोखीम वजा जाता पैसे मिळतात. पण या सवलतीची एक उणीव कोणी फारशी बोलत नाही: तिच्यात सुटका आहे, दुरुस्ती नाही. ज्या पन्नाशीच्या गृहस्थास जादा हप्ता अन्यायाचा वाटतो, त्याने पॉलिसी परत केली तर तो पुन्हा बाजारात उभा राहतो तो अधिक वयाचा होऊन, आणि आता त्याच्या रक्तातील साखरेची नोंदही झालेली असते. दर कमी करून मिळावा ही त्याची मागणी या मार्गाने मुळी ऐकलीच जात नाही. ती ऐकून घेणारे आसन म्हणजे विमा लोकपाल. ११ नोव्हेंबर १९९८ च्या नियमांनी हे पद निर्माण झाले. सध्याच्या २०१७ च्या नियमांत, भरलेल्या वा भरावयाच्या हप्त्याविषयीचा वाद आणि अर्जाशी न जुळणारी पॉलिसी देणे, ही दोन्ही तक्रारीची स्वतंत्र कारणे म्हणून नमूद आहेत. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार, तिचे उत्तर असमाधानकारक आले वा महिनाभरात आलेच नाही तर वर्षाच्या आत लोकपालाकडे; फी नाही, वकील नाही, आणि नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाखांपर्यंतचा निवाडा देण्याचा अधिकार. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नागपूर जिल्हा पुण्याच्या लोकपालाच्या अधिकारक्षेत्रात मोडतो, म्हणजे पारशिवनीच्या माणसास एका रात्रीचा प्रवास. पण तक्रार संगणकावरून दाखल करता येते आणि सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होऊ शकते.

ग्राहक आयोगाचा मार्ग याहून लांबचा, पण नागपुरातच संपणारा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची, आणि अधिकारक्षेत्र विमा रकमेवर नव्हे तर भरलेल्या मोबदल्यावर ठरते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणास फी नाही. याच कायद्याने अनुचित करार ही नवी संकल्पना आणली, आणि ग्राहकावर अवाजवी आकार लादणारी अट तिच्या कक्षेत येते. मात्र असा दावा जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगापुढे न्यावा लागतो. विमा कंपनीच्या अटी न्याय्य व वाजवी असल्या पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच, अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या प्रकरणात, सांगून ठेवले होते. वयाच्या फरकावरील एकतर्फी व्याजाची अट या कसोटीवर कोणीतरी घासून पाहिली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पारशिवनीच्या वाचकास विनंती इतकीच की, एजंट कितीही जवळचा असला तरी दुसऱ्या सहीचा कागद वाचून घेतल्याखेरीज, वाचता येत नसल्यास घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचवून घेतल्याखेरीज, परत देऊ नये; त्याची एक प्रत मागून घ्यावी; आणि पॉलिसी टपालाने आली तर तारखेच्या शिक्क्यासह तिचा लिफाफा, व ई-मेलने आली तर तो संदेश, जपून ठेवावा, कारण तीस दिवसांची मोजणी त्याच तारखेपासून सुरू होते.